एक अष्टमांश कुठे गेला?

लोणावळ्याच्या मुलांना अपूर्णांक शिकवायला चिक्कीसारखं साधन नाही. एका लादीच्या आठ सारख्या वड्या पाडल्या. तीन भावाने खाल्ल्या, दोन बहिणीने. मिळून किती? निम्मा वर्ग ३/८ आणि २/८ ची बेरीज ५/१६ अशी करतो. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

मी लगेच चूक म्हणत नाही. विचारते, ३/८ म्हणजे सोळातले किती? सहा. मग बहिणीने आणखी दोन वड्या खाल्ल्यावर खाल्लेली चिक्की सहावरून पाचावर कशी आली? मुलं हसतात आणि आपलं आपण दुरुस्त करतात.

खालच्या आकड्याला मराठीत छेद म्हणतात, म्हणजे तुकडे किती केले ते. उर्दूत तो नसबनुमा. नसब म्हणजे वंश, नुमा म्हणजे दाखवणारा. वरचा तो शुमारकुनिंदा, मोजणारा. दोन्ही भाषा मिळून नियम सांगून टाकतात: एकाच घराण्यातली माणसं मोजताना घराण्याचं नाव बदलायचं नसतं.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. म्हणून वरच्या वर्गाला मीही तसंच एक उदाहरण घालते. एक माणूस वारला. मागे पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी. कर्ज आणि वसीयत भागवून आठ लाख उरले. सूरह निसाप्रमाणे, मुलंबाळं असल्यामुळे पत्नीला १/८. बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक मुलाला २/८ आणि मुलीला १/८. बेरीज करा: १ + २ + २ + २ + १, ८/८. पुरे लाख आठ.

मग मी मुलीचा वाटा पुसते. बेरीज ७/८. एक अष्टमांश कुठे गेला?

यंदा मागच्या बाकावरून हळूच उत्तर आलं, "टीचर, फूफीने माफ केला."

वर्ग गप्प झाला. मी पुढे काही विचारलं नाही.

मुलीला निम्मंच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि विचारला जातोही. पण जे निम्मं ठरलेलं आहे, ते तरी तिच्या हातात पडतं का? हे फक्त आपल्याच घरांत घडतं असं नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी तिथेही आहेत. मावळात गुंठ्याचे भाव चढले, तशी त्या सहीची किंमतही चढली.

माफ करणं हा बहिणीचा अधिकार आहे, ते गृहीत धरण्याचा अधिकार भावांना नाही. आधी तिचा वाटा तिच्या नावावर मांडा, बेरीज ८/८ येऊ द्या. मग द्यायचं की ठेवायचं, ते तिचं ती ठरवेल.