भाषेचा प्रश्न विचारावा कसा?

मी बोलींचा अभ्यास करते हे कळलं की दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. ‘पाणी’ बरोबर की ‘पानी’? नाहीतर, आमची ती भाषा की नुसती बोली? दोन्ही वेळा समोरच्याला माझ्याकडून निकाल हवा असतो. माझी अडचण अशी, की कोण, कुठे, कुणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोललं हे कळल्याशिवाय मला तोंडच उघडता येत नाही. आमच्या विद्येत खरी मेख उत्तरात नाही, प्रश्नात आहे.

घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की शिनोली लागतं. खाली घोड नदीकाठची बागायती गावं, वर डिंभे धरण आणि त्यामागे महादेव कोळी समाजाची भात-हिरड्याची गावं. मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं. अशा सांध्यावरच्या गावात एसटीची वाट बघणाऱ्या चार माणसांच्या बोलण्यात चार छटा सापडतात.

तिथल्याच एका ओसरीवर मी एका आजींना विचारलं, “नवऱ्याच्या बहिणीला काय म्हणता?”

“नणंद,” त्या म्हणाल्या.

आतून सून बाहेर आली. “आत्या, तोंडावर ननंद कोन म्हननार? वन्सं म्हनायचं ना!” आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाली, “मी आपली ताईच म्हनते.”

एकाच नात्याला, एकाच घरात, पाच मिनिटांत तीन उत्तरं. नातं सांगताना एक, हाक मारताना दुसरं, आजच्या सुनेच्या तोंडी तिसरं. तिन्ही खरी. ‘काय म्हणता’ आणि ‘हाक कशी मारता’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे ध्यानात घेतलं नाही तर वहीत अर्धीच माहिती येते.

दुसरी अडचण आम्हीच असतो. शहरातून आलेलं माणूस वही उघडून बसलं की समोरचा शाळेतली मराठी बोलू लागतो. मग मी भाषेबद्दल विचारतच नाही. भाताच्या रोपांसाठी राब कसा भाजता, ते विचारते. पालापाचोळा, शेण, फांद्या कशा पसरायच्या, वारा बघून कधी पेटवायचं, रोप किती वाढलं की आवणीला घ्यायचं, हे सांगताना माणूस स्वतःच्या बोलीत कधी उतरतो ते त्यालाही कळत नाही. अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1962 साली हीच युक्ती केली. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत जाऊन ते विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरची वस्तू कुठे मिळेल एवढंच विचारत. ‘फोर्थ फ्लोअर’ या उत्तरात ‘र’ उच्चारला जातो की गळतो, हे त्यांना ऐकायचं होतं. ऐकू आलं नाही असं दाखवून ते तेच उत्तर पुन्हा वदवून घेत.

प्रश्न कुणामार्फत विचारला, यावरही उत्तर ठरतं. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी 1876 पासून शाळामास्तरांना टपालाने वाक्यं पाठवली आणि गावच्या बोलीत लिहून मागवली. पसारा मोठा झाला, पण जो तो आपल्या कानाप्रमाणे लिहिणार. फ्रान्सचा बोलीनकाशा करणाऱ्या झिलिएराँ यांनी उलट केलं. त्यांनी एदमाँ नावाचा एकच तयार कानाचा माणूस 1897 ते 1901 या काळात शेकडो गावांत पाठवला. आपल्याकडे भारतातल्या भाषांच्या पाहणीसाठी ग्रिअर्सन यांनी सरकारी अंमलदारांमार्फत बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची बोलीरूपं गोळा केली. मराठीचा खंड 1905 साली निघाला. पण या पाहणीच्या कक्षेत निजामाचं राज्य नव्हतं, म्हणजे मराठवाड्याला कुणी प्रश्नच विचारला नाही. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, वारली अशा एकेका बोलीवर पुस्तक केलं. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या सर्वेक्षणात छोट्या चित्रफिती दाखवून ‘काय झालं ते सांगा’ एवढंच विचारलं. नमुन्याचं वाक्यच पुढे नसल्यामुळे कुणाची नक्कल करायचा प्रश्न उरला नाही.

गावातली माणसंही मला प्रश्न विचारतात, आणि ते कसलेले असतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी अभिजात ठरल्यापासून जुन्नरच्या बाजूला एक प्रश्न वारंवार येतो: नाणेघाटातला लेख मराठीत आहे का? नाही. तो सातवाहनांच्या काळचा, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. मराठीची कुळी प्राकृतात सापडते, पण पणजीला नात म्हणून चालत नाही.

आणि ‘पाणी’चं काय? ज्या बोलीत ‘ण’ वेगळा राहिलेला नाही, तिथे ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’ असा सगळीकडे ‘न’च येतो. चूक कधी होते, कधी होत नाही. इथे मात्र नियम आहे. कोल्हापूरकडची बाई ‘मी जातो’ म्हणते, नागपूरचा माणूस ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो, त्यामागेही नियमच असतो. शाळेत ‘पाणी’ लिहायला जरूर शिकवावं. पण त्यासाठी पोराच्या आईची भाषा अशुद्ध ठरवायची गरज नाही.

दिवाळीला घर भरलेलं असतं. आजी, काकू, माहेरवाशिणी, मुंबईहून आलेली नातवंडं. या वेळी प्रत्येक घराने निदान दहा प्रश्न काढावेत: नात्यांचे, शेतीच्या कामांचे, भांड्याकुंड्यांचे. उत्तर जसं बोललं तसं लिहावं, जमलं तर फोनवर ध्वनिमुद्रण करावं. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. शेजारी गाव, वय, माहेर-सासर आणि तारीख टाकावी. दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत तर एक खोडू नये, दोन्ही ठेवावीत. आणि सांगताना कुणाला सुधारू नये, एवढं एक पथ्य पाळा.