क्लच नेमका कुठे पकडतो

माझी स्कोडा लॉरा व्हीआरएस शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. युरोपात दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया म्हणून विकली गेली तीच आपल्याकडे लॉरा, आणि तिचं व्हीआरएस हे जहाल रूप इथे २०११ मध्ये आलं. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि हाताने टाकायचे सहा गिअर. घरच्या माणसांना आणि आंब्याच्या पेट्यांना घेऊन जाणारी ही गाडी. पण पालीपुढे मोकळा रस्ता मिळाला की तिचं खरं रक्त कळतं. मी ती जुनी विकत घेतली ती मुळी गिअर हाताने टाकायचे आहेत म्हणूनच.

इंजिन मनासारखं होतं, ब्रेक खणखणीत होते. खटकत होता तो क्लच. तो बिघडला नव्हता. फार हलका होता, आणि त्या हलकेपणात डाव्या पायाला काही कळायचं नाही. पेडल सुरुवातीला थोडा विरोध करायचं आणि मग मधेच पायाखालून सुटल्यासारखं आपोआप खाली जायचं. वर येतानाही तसंच. क्लच जिथे पकडतो, तो वीत-दीड वीत प्रवासातला बोटभर टप्पा नेमका या सुटलेल्या भागात येत होता. दुसरी गोष्ट त्याहून बारीक. दुसऱ्यातून तिसरा गिअर झटकन टाकला, पाय उचलला, की पाय वर येऊन गेल्यावर क्षणभराने क्लच पकडायचा. आरपीएम उगाच वर चढायचे, मग गाडीला हिसका बसायचा. सावकाश चालवलं तर यातलं काहीच जाणवत नसे.

हे असं का होतं ते कळायला पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. मारुती ८०० मध्ये पेडलपासून निघालेली केबल थेट क्लचचा काटा ओढायची. पायाला जे लागायचं ते क्लचचंच असायचं. आता बहुतेक गाड्यांत मधे तेल आहे. पेडल मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलतं, तेल नळीतून गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातं, तो काटा हलवतो, काटा रिलीज बेअरिंगला पुढे करतो आणि ते प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर रेलतं. या रस्त्यात कारखान्याने दोन गोष्टी विचारपूर्वक बसवलेल्या आहेत. एक पेडलच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डखालच्या काळोखात: एक दणकट स्प्रिंग. पेडल वर असतं तेव्हा ती त्याला वर दाबून धरते. पेडल ठरावीक कोनाच्या पलीकडे गेलं की तीच स्प्रिंग उलट बाजूने पायाला मदत करून पेडल खाली ढकलू लागते. दुसरी गोष्ट स्लेव्ह सिलिंडरला चिकटलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात. हवा काढायचं निपल याच ठोकळ्यावर असतं, आणि आत तेलाची वाट मुद्दाम बारीक केलेली असते. पाय सावकाश उचलला तर त्या भोकातून तेल निवांत परत येतं. पाय झटकन उचलला तर तेल तिथे अडतं आणि क्लच पायाच्या मागून येतो. बीएमडब्ल्यूवाले याच युक्तीला क्लच डिले व्हॉल्व्ह म्हणतात. इतर अनेक कंपन्याही ती वापरतात.

कारखान्याचं यात चुकलं असं मी मानत नाही. शहरातल्या कोंडीत तासन्‌तास क्लच दाबणाऱ्याला स्प्रिंगची मदत हवीच असते. आणि नवशिक्याने फटकन पाय काढला तर तो धक्का फ्लायव्हील, गिअरचे दाते, ॲक्सल या सगळ्यांना सोसावा लागतो. बारीक भोक तो धक्का पोटात घेतं. हजार तऱ्हांच्या चालकांसाठी गाडी करायची तर असंच करावं लागेल. मी मात्र एकच चालक, आणि माझे रस्ते ठरलेले आहेत.

हे रस्ते सगळे चढउताराचे. परटवण्याचा उतार, गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेचा समुद्र संपला की लागणारी खडी चढण, आणि कोल्हापूरला निघालं की आंबा घाट. आरे-वारेच्या चढणीवर सुट्टीच्या दिवशी पुढची गाडी फोटोसाठी कुठेही थांबते. मागे दुचाकीवरचं कुटुंब अगदी बंपरला टेकलेलं. अशा जागी क्लच कुठे पकडतो हे पायाला आधीच ठाऊक असलं पाहिजे. ठाऊक नसलं की माणूस दोन हजार आरपीएमवर हाफ क्लच धरून बसतो आणि गाडीत जळकट वास भरतो.

माझे मामा एसटीत रत्नागिरी आगाराचे चालक होते. त्यांना गाडी चालवायला दिली तर चढणीवर त्यांनी ती दोनदा मागेपुढे केली आणि म्हणाले, "अरे, पाय ठेवला तरी काही बोलत नाही हा क्लच. आमचा जड होता, संध्याकाळी मांडी भरून यायची. पण अंधारातसुद्धा कळायचं कुठं पकडणार ते." माझ्या मनात जे नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी तिथे बोलून टाकलं. हलका क्लच आणि सोपा क्लच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ज्या मिस्त्रीकडे मी गाडी नेतो, त्याला ठोकळा बदलून स्प्रिंग काढायची आहे म्हटल्यावर त्याने आधी वेगळाच प्रश्न विचारला: "प्लेट किती राहिली आहे?" प्रश्न बिनतोड होता. क्लच प्लेट झिजत आली की प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पेडल आपोआप जड होत जातं, पकडही वर सरकते. अशा गाडीत मदतीची स्प्रिंग काढली तर पायाचे हाल. आम्ही आधी तपासलं: चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, क्लच कुठे घसरत नाही ना ते बघितलं. घसरत नव्हता. मग त्याने पेडलच्या खिळीवर आणि बुशवर सिलिकॉन ग्रीस लावलं. खाऱ्या दमट हवेत हे बुश कोरडे पडून कुरकुरतात, आणि एवढ्यानेही पेडलची अर्धी खरखर गेली. ज्याला फार खटाटोप नको त्याने निदान एवढं करावं.

ठोकळ्याचं काम बॉनेट उघडून. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की गिअरबॉक्सचा माथा दिसतो. तारेची छोटी क्लिप उपसून नळी सोडवायची, जुना ठोकळा काढायचा, पूर्ण भोकाचा नवा बसवायचा, ओ-रिंगला ताजं ब्रेक ऑइल लावून. गाडीत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच. क्लचची नळी त्या टाकीला तळाच्या वर जोडलेली असते, म्हणजे क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकपुरतं तेल खाली शिल्लक राहावं. ही रचना पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा ती आखणाऱ्याबद्दल मनापासून आदर वाटला.

मग हवा काढणं. मी चालकाच्या सीटवर, मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेला, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. "दाबा भाऊ." दाबलं. "धरून ठेवा, सोडू नका हां." पाना फिरतो, पेडल जमिनीला टेकतं आणि तिथेच चिकटून राहतं. "घट्ट केलंय, आता सोडा." पेडल आपणहून वर येत नाही, चवडा मागून घालून ते वर ओढावं लागतं. पुन्हा दाबा. नळीतून आधी काळपट तपकिरी तेल आलं, मग बुडबुड्यांची माळ, मग एखादाच बुडबुडा, आणि शेवटी फिकट पिवळं स्वच्छ तेल. दर थोड्या वेळाने मिस्त्रीचा मुलगा टाकीत तेलाची भर घालत होता. मडगार्डवर सांडलेला थेंब त्याने लगेच पाण्याने धुतला, कारण हे तेल रंग खातं.

जुनं तेल इतकं काळं बघून मला नवल वाटलं नाही. डॉट ४ तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांची हमी उरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत हा नुसता आकडा राहत नाही. घाटातल्या हाफ क्लचची आणि ब्रेकची उष्णता त्याच तेलाला सोसायची असते. माझं तेल आता मे महिन्यात बदललं जातं, आगोटीच्या इतर कामांबरोबर.

स्प्रिंग त्या दिवशी काढली नाही. मिस्त्रीचा आग्रह होता, एका वेळी एकच बदल करायचा आणि काही दिवस चालवून बघायचं, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. ठोकळ्याचा परिणाम शहरात शून्य होता. हातखंब्याहून पुढे निघाल्यावर मात्र दुसऱ्यातून तिसरा टाकताना पाय आणि क्लच एकत्र आले. तो मधला हिसका गेला.

स्प्रिंगसाठी सीट पूर्ण मागे सारून, डोकं पेडलांजवळ आणि पाय दाराबाहेर, असं उताणं शिरावं लागतं. ती दाबलेल्या अवस्थेत असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि तिला पकडीने धरल्याशिवाय खिळीला हात लावायचा नाही. हे काम मिस्त्रीनेच केलं, मी टॉर्च धरला. स्प्रिंग बाहेर आल्यावर आम्ही दोन गोष्टी पाहिल्या: पेडल पूर्ण वर येतं का, आणि क्रूझ कंट्रोल चालतो का. पेडलची जागा ओळखणारा सेन्सर मास्टर सिलिंडरवर असतो. पेडल थोडं जरी खाली लोंबलं तरी गाडीला वाटतं चालकाने क्लच दाबलाय. दोन्ही ठीक निघालं. वर किंचित सैलपणा आला, तो मला चालतो.

आता पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं जड लागतं, आणि पकडायच्या टप्प्यावर तळव्याखाली बारीक थरथर येते. आरे-वारेच्या चढणीवर हॅन्डब्रेक न ओढता, आरपीएम जेमतेम हजारावर ठेवून गाडी निघते. घाटात ट्रकमागे सरकताना पाय आधीपेक्षा कमी दमतो, हे मला अपेक्षित नव्हतं. कारण साधं आहे: पूर्वी पकड शोधत पाय अधांतरी धरून ठेवावा लागायचा, आता तो जागेवर जाऊन परत येतो. बायकोला पहिल्या दिवशी जड वाटलं. आता बाजारात जाताना तीच किल्ली आधी उचलते.

क्लच स्टॉप बसवावा, म्हणजे पेडल जमिनीपर्यंत जाऊच नये, असंही काहीजण सुचवतात. मी तो बसवणार नाही. तो चुकून वर राहिला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि सिंक्रोमेशच्या कड्या झिजतात. वाचलेल्या दोन बोटं प्रवासासाठी गिअरबॉक्स पणाला लावणं मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्नही मित्रांनी काढला. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल ते कलम मना करतं; पेडलची स्प्रिंग त्या तपशिलांत येत नाही. तरी विमा कंपनीला मी कळवून ठेवलं आहे, आणि काढलेली स्प्रिंग व ठोकळा कागदपत्रांच्या पाकिटात जपून ठेवले आहेत. गाडी पुढे कुणाकडे गेली तर त्याच्या पायाला जे हवं ते त्याला परत बसवता यावं.

कुणाला करायचं असेल तर क्रम हाच ठेवावा: आधी ग्रीस, मग ताजं तेल, मग ठोकळा, आणि एवढं चालवून पाहिल्यावर वाटलंच तर स्प्रिंग. गुडघ्याचं दुखणं असेल किंवा रोजचा प्रवास पुण्या-मुंबईच्या कोंडीतला असेल, तर ठोकळ्यावरच थांबावं.