धारूरचा चायनीज भात आपल्या चुलीवर

बीड जिल्ह्यातील धारूर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. माजलगावकडून तेलगावमार्गे निघाले की काळी सपाट राने मागे पडतात आणि बालाघाटाचा चढ सुरू होतो. घाट अरुंद, वळणे अवघड. पुढे एखादे भरलेले वाहन असले तर मागच्याने सबुरीच धरलेली बरी. वर आले की गाव लागते. लोक त्याला किल्ले धारूर म्हणतात.

विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीत गेला आणि फतेहाबाद या नावाने ओळखला जाऊ लागला. तीन बाजूंना खोल दरी आणि गावाच्या बाजूला खंदक, अशी त्याची बांधणी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलात तर बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे अवश्य घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

आता किल्ल्यावरून खाली बाजारपेठेत या. एके काळी अशा गावात संध्याकाळी भजी आणि शेवचिवड्याचा वास यायचा. तो आजही येतो, पण त्यात आता लसूण आणि सोया सॉसचा वास मिसळला आहे. लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेला गाडा, मोठ्या आवाजाची शेगडी, लोखंडी कढई आणि भोवती शाळा-कॉलेजची पोरे. हे चित्र आता मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते.

हा भात इथवर आला कसा, ते ऐकण्यासारखे आहे. शिळा भात परतून खाण्याची रीत चीनमध्ये जुनी आहे आणि तिथल्या यांगझोऊ शहराचा परतलेला भात प्रसिद्ध आहे. आपल्या देशात चिनी माणसांची पहिली वस्ती झाली ती कोलकात्याजवळ, आणि तीही उसापायी! वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, टोंग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याने तिथे जमीन घेऊन ऊस लावला, साखरेचा कारखाना घातला आणि कामाला आपल्या देशातून मजूर आणले. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. उसासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे धारूर-वडवणीच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे कोलकात्यात चिनी खाणावळी निघाल्या. तिथेच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये मंचुरियन हा पदार्थ केला. आले-लसूण-मिरची आपली आणि सॉस त्यांचा, असा हा मेळ लोकांना आवडला आणि गाड्यांवरून गावोगाव पोचला.

हा पदार्थ आपल्याला परका नाही. फोडणीचा भात आपण करतोच, हा त्याचा चुलतभाऊ. शिवाय त्यात लागणारी कोबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात शेतकऱ्याच्याच रानातली. सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात आंबवून केलेला रस. आपण पोत्याने सोयाबीन विकतो आणि त्याचाच रस बाटलीने विकत आणतो.

तर भगिनींनो, चौघांपुरता भात असा करा. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. रेशनचा तांदूळही चालतो. भरपूर पाण्याला उकळी आणा, त्यात मीठ, चमचाभर तेल आणि लिंबाचे चार थेंब घालून तांदूळ शिजवा. दाण्यात किंचित कणी राहिली की पेज काढून टाका आणि भात परातीत पातळ पसरून वाऱ्याला ठेवा. भात गार झाला की दाण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणे सुटे होतात. गरम भात परतला तर त्याचा गोळा होतो.

पाव गड्डा कोबी, एक गाजर, एक ढोबळी मिरची, मूठभर घेवडा आणि कांद्याची पात बारीक चिरून ठेवा. आठ लसूण पाकळ्या आणि थोडे आले ठेचून घ्या. लोखंडी कढई चांगली तापवून तीन मोठे चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घाला. आले-लसूण, मग भाज्या टाका आणि मोठ्या जाळावर दोन-तीन मिनिटे परता. भाजी करकरीत राहिली पाहिजे. आता भात, एक मोठा चमचा सोया सॉस, लहान चमचा व्हिनेगर आणि मिरपूड घाला. सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहूनच. वर पात घालून उतरवा. कढई ठेचून भरू नका, दोन वेळा करा. चुलीचा जाळ या कामाला फार चांगला.

खाणाऱ्यांनी दोन अंडी आधी परतून घ्यावीत. न खाणाऱ्यांनी वाफवलेली मोडाची मटकी घालावी. लाल रंगाची पूड मुळीच नको, त्याऐवजी भिजवलेल्या सुक्या मिरच्या लसणाबरोबर वाटून घाला. अजिनोमोटोवाचूनही चव येते. निम्म्या भाताऐवजी ज्वारी रात्रभर भिजवून, कुकरमध्ये मऊ शिजवून घातली तर पोटाला आधार अधिक.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. शिजलेला भात उन्हाळ्यात रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी वापरू नका. काही जिवाणूंची बीजे उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट राहिला की ती वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा परतल्याने जात नाही. मग उलट्या-जुलाब होतात. फ्रीज असेल तर भात निवताच आत ठेवा. नसेल तर सकाळचा भात तासभर पसरून लगेच परता. दुसरी गोष्ट कोबीची. फवारणीनंतर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याखेरीज गड्डा काढू नका, मग तो घरचा असो की बाजाराचा. वरची पाने काढा आणि गड्डा चिरण्याआधी धुवा.

दसऱ्यानंतर आपल्या भागातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. मुले आजीजवळ राहतात. जाताना बाप मुलाच्या हातात नोट ठेवतो आणि पोरगे ती घेऊन गाड्यावर जाते. त्याला रागावून उपयोग नाही. आजीबाईंनी आठवड्यातून एकदा हा भात घरी करावा, पोराला शेजारी बसवून भाज्या चिरायला लावावे. एका प्लेटीच्या पैशात घरचे किती जेवतात, तो हिशेब त्यालाच मांडू द्यावा. परसात सांडपाण्यावर कांद्याची पात आणि चार ढोबळ्या मिरच्या लावल्या की पुढची खरेदी तेल आणि सॉसपुरतीच उरते.