मकबऱ्यापलीकडचा डोंगर

छत्रपती संभाजीनगरात ‘लेणी’ म्हटलं की रिक्षावाला थेट वेरूळचं भाडं सांगतो. ‘तिकडं नाही, मकबऱ्याच्या पुढं, डोंगरातली’ असं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. वाटेत बीबी का मकबऱ्यापाशी सहलींच्या बसगाड्यांची रांग होती. डोंगराच्या पायथ्याशी मात्र आमची एकटी रिक्षा.

पायऱ्या चढून गेलं की लेण्यांचे दोन मुख्य गट लागतात. पश्चिमेकडचा एक, पूर्वेकडचा दुसरा. दोहोंमध्ये किलोमीटरभर चाल. मी आधी पूर्वेची वाट धरली, कारण मला सातव्या लेण्यातला अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, पाहायचा होता. तो सहाव्या शतकातला, म्हणजे अजिंठ्याची भरभराट ओसरल्यानंतरचा.

गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराशेजारी तो उभा आहे, हातात कमळ घेऊन. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे याचंच कमळधारी रूप, पाहून आलेल्या माणसाची इथं थोडी निराशा होईल. तो मान कलवलेला, स्वतःशीच बुडालेला. हा ताठ, रुंद खांद्यांचा. पण याच्या दोन्ही अंगांना वरून खाली चार-चार छोटे देखावे कोरलेत, आणि तिथंच माझा पुढचा सगळा वेळ गेला. एका बाजूला आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज. दुसऱ्या बाजूला सिंह, साप, माजलेला हत्ती आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक देखाव्यात संकटात सापडलेली माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत.

ही अष्टमहाभयं. मोक्ष, निर्वाण यातलं इथं काही मागितलेलं नाही. घाटात दरोडेखोर न भेटोत, रानात जनावर आडवं न येवो, राजाचे शिपाई उगाच धरून न नेवोत, एवढंच मागणं. सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या समंतमुख अध्यायातही अशीच संकटांची यादी आहे आणि त्यात चोरांच्या मुलखातून माल नेणारे व्यापारी आहेत. खाली पैठण पन्नासेक किलोमीटरवर. तिथून निघालेला माल सोपारा-भडोचच्या बंदरांपर्यंत याच मुलखातून घाट ओलांडत जायचा. म्हणून तर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या या कोरड्या काळ्या दगडात जहाज आलं. मला ते आठांत सगळ्यांत बोलकं वाटलं.

फाहियान या चिनी भिक्षूवर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सिंहलद्वीपाहून परतताना हाच प्रसंग ओढवला होता. वादळात जहाजाला भगदाड पडलं, व्यापाऱ्यांनी माल पाण्यात लोटायला सुरुवात केली. त्यानंही आपली भांडी फेकली. धास्ती एकच, आपण जमवलेले ग्रंथ आणि मूर्ती हे लोक समुद्रात टाकतील. तेव्हा त्यानं अवलोकितेश्वराचं स्मरण केलं, असं तो स्वतःच लिहून गेलाय. भिक्षू असो की वाणी, जहाज कलंडू लागलं की दोघांचा देव एकच!

आत गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आहे, भोवती बासरी-ढोल वाजवणाऱ्या बायका. काही अभ्यासक तिला तारा ही बौद्ध देवी मानतात. आठ भयांतून सोडवण्याचं काम पुढं तारेकडेही आलं, हे ध्यानात घेतलं तर ते पटण्यासारखं आहे. मूर्तिशास्त्र बाजूला ठेवलं तरी तिच्या कमरेचा तो बाक पाहण्यासाठी एवढी चढण वसूल.

मग पश्चिमेकडच्या गटाकडे वळलो. तिथं तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढं गुडघे टेकून बसलेला माणसांचा घोळका आहे, जवळजवळ खऱ्या उंचीचा. जाड ओठ, केसांच्या नाना तऱ्हा, गळ्यात भरगच्च दागिने. हे देव नव्हेत. बहुधा पैसे देऊन लेणं कोरवून घेणारी मंडळी. दागिने बरेच, म्हणजे दरोडेखोरांचं भयही तेवढंच असणार. एकेकाचा चेहरा न्याहाळत होतो तेवढ्यात खालून रिक्षाचा हॉर्न वाजू लागला. थांबण्याचे पैसे ठरवलेले नव्हते, त्यामुळे पहिलं लेणं राहिलंच.