ऐकल्याशिवाय गुण नाहीत

दहावीच्या इंग्रजीत ऐंशी गुण लेखी पेपरला आणि वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. ऐकणं आणि बोलणं या दोन्हींची परीक्षा या विसातच होते. सांगोला तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त विचार कशाचा केला असेल, तर या वीस गुणांचा. लेखी पेपर बोर्ड काढतं आणि परगावचा कुणी परीक्षक तो तपासतो. हे वीस गुण मात्र आमच्या हातचे असतात. ते आम्ही कसे देतो, यावर मुलं वर्षभर तासाला तोंड उघडणार की नाही ते ठरतं.

विचाराला सुरुवात झाली ती एका माजी विद्यार्थ्यामुळे. चाकणच्या एका कारखान्यात तो नुकताच लागला होता आणि दाखला न्यायला शाळेत आला होता. दहावीला इंग्रजीत त्याला चांगले गुण होते. मी सहज विचारलं, "काय रे, जमतंय का तिथं?" तो म्हणाला, "मॅडम, मशीनवरचं लिहिलेलं सगळं वाचता येतं. पण सुपरवायझर परराज्यातले आहेत. ते इंग्रजीत काही विचारतात तेव्हा मी नुसती मान हलवतो. कळलं नाही, परत सांगा, एवढं म्हणायलाही तोंड उघडत नाही." मशीनवर काम करणाऱ्या मुलाने न समजता मान हलवणं हे त्याच्या बोटांवर बेतू शकतं. शाळेने त्याला निबंध लिहायला शिकवलं होतं, पत्राचा मायना शिकवला होता. 'परत सांगा' म्हणायला शिकवणं मात्र कुणाच्या नियोजनात नव्हतं, कारण त्याला कुठेच गुण नव्हते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आज दहावीच्या बाकावर बसलेल्या मुलाचं इंग्रजी शिकण्याचं दहावं वर्ष असतं. इतक्या वर्षांत काय पदरात पडतं? 'असर' या शैक्षणिक अहवालासाठीच्या देशभरातल्या ग्रामीण पाहणीत मुलांना मोठी लिपी, छोटी लिपी, सोपे शब्द आणि सोपी वाक्यं अशा चढत्या क्रमाने इंग्रजी वाचायला देत. आठवीतल्या मुलांपैकी सोपी वाक्यं वाचू शकणारी मुलं २००९ मध्ये ६०.२ टक्के होती, २०१६ मध्ये ती ४५.२ टक्क्यांवर आली. आणि वाचता येणाऱ्या सगळ्यांनाच त्या वाक्यांचा अर्थ सांगता येत होता असंही नाही. या पाहणीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिची पद्धत. पाहणी करणारा मुलासमोर बसतो, एका मुलाला एका वेळी वाचायला लावतो आणि कान देऊन ऐकतो. शाळेत नेमकं हेच राहून जातं.

राहून जाण्याचं कारण उघड आहे. साठ मुलांचा वर्ग धरला आणि प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तरी सलग पाच तास लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत अभ्यासक्रम संपवायची घाई, सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं, त्यात ही तोंडी परीक्षा. मग अनेक ठिकाणी ती कागदावरच उरकते. लेखीत हुशार दिसणाऱ्याला अठरा-एकोणीस, मधल्याला सोळा, मागच्या बाकावरच्याला तेरा. मुलांनाही ते आधीच माहीत असतं. न बोलता बोलण्याचे गुण मिळतात हे एकदा कळलं की मूल कशाला बोलेल?

अशा सढळ गुणांवर टीका होत होती. मार्च २०१९च्या परीक्षेला भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि लेखी पेपर पूर्ण शंभर गुणांचा झाला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, मोठी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून वीस गुण परत आले. त्या काळातली सगळी चर्चा निकालाभोवती फिरली. बोलण्याची परीक्षा गेल्यामुळे मुलांचं बोलणं वर्गातून जाईल, ही काळजी मला तरी फारशी कुठे ऐकू आली नाही. मी ते वर्ष वर्गात पाहिलं आहे. जोडीने संवाद करा म्हटलं की मुलं विचारत, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पुस्तक उघडून प्रश्नोत्तरं लिहायला घेत. त्यांचं काही चुकत नव्हतं. ज्याला गुण नाहीत त्याला शाळेत वेळ नाही, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

गुण परत आले तेव्हा आमच्या शाळेतल्या दुसऱ्या इंग्रजीच्या बाई आणि मी बसून ठरवलं, की प्रत्येक मुलाचं बोलणं खरोखर ऐकायचं आणि मगच आकडा लिहायचा. त्यासाठी आम्ही तोंडी परीक्षा फेब्रुवारीतून काढून वर्षभर पसरली. वर्ग वाचनाच्या किंवा लेखनाच्या कामात असताना चार-चार मुलांचा गट मागच्या कोपऱ्यात बोलवायचा. जोडीने बोलायला लावायचं, म्हणजे बाईंसमोर एकट्याने उभं राहण्याची भीतीही कमी होते. विषय मुलांच्या जगातले ठेवायचे. घर, रान, बाजार, दवाखाना, एसटीचा प्रवास. पाठ करून आलेलं चालणार नाही, कारण मधेच प्रश्न विचारला जाईल, हे आधीच सांगून ठेवलं.

पाठांतर किती खोल मुरलेलं असतं ते पहिल्याच फेरीत दिसलं. एक मुलगा आवडत्या खेळाडूवर अस्खलित बोलत होता. एकही अडखळण नाही. मी मधे विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" तो थांबला, छताकडे पाहिलं आणि निबंध पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केला. त्याला प्रश्न कळला नव्हता आणि कळला नाही हे सांगायची सोयही त्याच्याकडे नव्हती. लेखी परीक्षेत हा मुलगा वर्गात पहिल्या पाचात असायचा.

त्याच गटात एक मुलगी होती. स्पेलिंग कच्चं, लेखीत कशीबशी पास होणारी. तिला मी घरच्या शेतीबद्दल विचारलं. तिच्या घरी डाळिंबाची बाग आहे. ती म्हणाली, "अवर फार्म, पॉमग्रेनेट. तेल्या कम. ब्लॅक स्पॉट ऑन फ्रूट. पप्पा कट अँड बर्न. नॉट थ्रो इन फार्म." मी विचारलं, "व्हाय नॉट थ्रो?" तिने क्षणभर विचार केला, हाताने पावसाची खूण केली आणि म्हणाली, "इफ थ्रो, रेन कम, अदर ट्री ऑल्सो तेल्या." डाळिंबाचा हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या उडणाऱ्या पाण्याबरोबर झाडाझाडांवर पसरतो, म्हणून रोगट फळं आणि फांद्या बागेत टाकायच्या नसतात. हे कार्यकारण तिने परक्या भाषेत, जेमतेम शब्दांत, माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून मांडलं होतं. क्रियापदं चुकली होती, पण 'इफ' नेमक्या जागी आलं होतं. या मुलीला इंग्रजी येत नाही असं कोण म्हणेल?

आम्हा दोघींपुढचा खरा पेच यानंतर उभा राहिला. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. एकमेकींना न सांगता दोघींनी स्वतंत्र गुण दिले आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. मी भरभरून दिले होते, बाईंनी निम्मेही नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, एक तरी वाक्य व्याकरणात बसतंय का?" मी म्हटलं, "पण तुम्हाला कळलं ना सगळं?" आमचं दोघींचंही खरं होतं. एकच बोलणं, दोन शिक्षिका आणि दोन वेगळे आकडे. मूल कुणाच्या वाट्याला येतं यावर त्याचे गुण ठरणार असतील तर ती परीक्षा म्हणता येणार नाही.

मग आम्ही निकष लिहून काढले. समोरच्याचं समजलं का? स्वतःचं म्हणणं पोचवता आलं का? अडल्यावर मार्ग काढला का? आणि भाषा कितपत बिनचूक आहे? प्रत्येक निकषाला तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचं वर्णन साध्या मराठीत. उच्चाराबद्दलही ठरवलं. 'स्कूल'ला कुणी 'इस्कूल' म्हटलं तर गुण जाणार नाहीत, पण 'थर्टी' आणि 'थर्टीन'मध्ये गोंधळ होऊन मालाचा भाव चुकला तर जातील. त्यानंतर काही रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा ऐकली आणि दोघींच्या गुणांत थोडाच फरक उरला. त्या मुलीला व्याकरणाच्या निकषावर कमी आणि बाकीच्यांवर चांगले गुण मिळाले. आणखी महत्त्वाचं म्हणजे, तिने कशावर काम करायचं हेही आम्हाला तिला सांगता आलं. नुसत्या आकड्याने ते कधीच सांगता आलं नसतं.

तिसऱ्या निकषासाठी मी आग्रह धरला होता. 'पार्डन मॅडम', 'प्लीज रिपीट', 'आय डोन्ट नो द वर्ड, बट...' असं म्हणून जे मूल पुढे जातं त्याला त्याचे गुण मिळतात. मुलांना हे कळल्यावर वर्गाचा नूर बदलला. न समजल्याचं सांगायला मुलं लाजेनाशी झाली. ऐकण्याची परीक्षाही आम्ही तशीच बेतली. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा मजकूर वाचून दाखवायचा. कोणती गाडी, किती उशीर, कोणता फलाट, एवढं मुलांनी तक्त्यात भरायचं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ऐकताना लिहायचं. हा तक्ता तपासायला वेळ लागत नाही आणि कुणाला कितपत ऐकू येतं ते लगेच समजतं.

निकष असे पायऱ्यांनी मांडणं हा काही आमचा शोध नाही. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषांच्या क्षमतेची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर त्या माणसाला त्या भाषेत काय करता येतं त्याचं वर्णन आहे. आपल्याकडे २०१० पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातही आकारिक, म्हणजे मूल शिकत असतानाच करायच्या, नोंदींचा हेतू हाच होता. दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम ही तर त्याची अधिकृत साधनं. हेतू चांगला असूनही तो रकाने भरण्यात हरवतो, कारण मूल समोर बसवून ऐकायला लागणारा वेळ वेळापत्रकात कुठेच धरलेला नसतो.

पालकसभेत आम्ही हे सगळं मांडलं तेव्हा मला धाकधूक होती. गुण थोडे घटणार होते. एक पालक उठून म्हणाले, "मॅडम, डेअरीला दूध घालताना फॅट लावल्याबिगर आमी दर घेत न्हाय. पोरांचं बी फॅट लावूनच द्या." दुसऱ्यांनी मात्र विचारलं, "बाकीच्या शाळा सढळ हाताने देणार आणि आमचीच पोरं मागं राहणार का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एकट्या शाळेकडे नाही. सगळ्यांनी समान निकष लावले तरच प्रामाणिकपणे मोजणाऱ्या शाळेच्या मुलांवर अन्याय होणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तोंडी परीक्षेचे निकष राज्यभर एकच असावेत, प्रत्येक पायरीची नमुना ध्वनिमुद्रणं शिक्षकांना ऐकायला मिळावीत आणि दोन शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांच्या मुलांचं थोडं तरी बोलणं तपासावं. तोंडी परीक्षेसाठी लागणारे तास वेळापत्रकात धरावेत. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही, आणि मोबाइल तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. हे होईपर्यंत आम्ही दोघी आमच्या शाळेपुरतं करत राहणार आहोत. आमच्या मुलांना पुढे चाकणला, पुण्याला, कुठेही गेल्यावर इंग्रजीत ऐकून घ्यावं लागणार आहे, विचारावं लागणार आहे, आपली बाजू मांडावी लागणार आहे. त्याची तयारी ज्या वीस गुणांत होऊ शकते, ते आम्ही ऐकल्याशिवाय देणार नाही.