आधी पाणी, मग पाया

माझे आजोबा मूळचे साताऱ्याकडचे. शारदा कालव्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून ते उत्तरेत आले आणि १९२८ साली कालवा सुरू झाल्यावर गावी न परतता लखनौत ठेकेदारीला लागले. कैसरबागेत भातखंड्यांचं संगीत विद्यालय १९२६ मध्ये सुरू झालेलं, त्यामुळे मराठी माणूस म्हटला की त्याला गाता येणारच, असं शेजारीपाजारी धरून चालत. आजोबांना सूर कधी लागला नाही. ओळंबा मात्र अचूक लागे.

धंद्याचा त्यांचा नियम एकच होता : आधी पाणी, मग पाया. जागा कितीही चांगली असो, पाण्याची सोय झाल्याशिवाय ते कुदळ मारू देत नसत. चुना भिजवायला पाणी, सुर्खी कालवायला पाणी, विटा मुरवायला पाणी. बांधलेली भिंत तर तान्ह्या मुलासारखी पाण्यावरच वाढते. दाखला म्हणून ते बड्या इमामबाड्याकडे बोट दाखवत. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौलाने ती इमारत उभारायला घेतली. शेजारची शाही बावली आधी खोदली आणि तिचंच पाणी बांधकामाला वापरलं, असं सांगतात.

आमच्याकडे विहीर म्हणजे काळ्या कातळात सुरुंग लावून फोडायची. लखनौत कातळ नाहीच. खाली नुसती गाळाची माती. म्हणून तिथे विहीर खोदत नाहीत, ती बसवतात. जांभळाच्या लाकडाचं गोल चाक जमिनीवर मांडायचं, त्यावर विटांची कोठी चढवायची आणि आतून माती उपसत राहायचं. आपल्याच भाराने कोठी खाली सरकत जाते. आजोबांना या कामाचं फार अप्रूप वाटे. सगळं बांधकाम खालून वर जातं, हे एकच वरून खाली, असं ते म्हणत.

लखनौला नळ आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. गऊघाटावर गोमतीचं पाणी उपसायचं, ऐशबागेच्या जलकलात गाळायचं आणि शहरात सोडायचं. आजोबांच्या काळातली बैठी घरं या पाण्यावर निभावत : अंगणात एक नळ, कोपऱ्यात विहीर. १९६० च्या पुरात गोमती शहरात शिरली. त्या साली विहिरी उपसून स्वच्छ करणं हेच आमच्या गड्यांचं मुख्य काम होऊन बसलं.

बाबांनी धंदा हाती घेतला तोवर लखौरी विटा आणि चुना जाऊन सिमेंट आलं होतं. घरं वर चढली. नळाचं पाणी चढेना. मग नळालाच टुल्लू पंप लागले. ज्याचा टुल्लू जोरकस त्याच्या गच्चीवरची टाकी भरायची आणि शेजारच्या नळातून नुसती हवा यायची. गल्लीच्या तोंडावर इंडिया मार्क टू हातपंप उभे राहिले. त्या पंपाचे पूर्वज जालन्याचे आणि सोलापूरचे, हे कळल्यापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवत. हातपंपही आपल्यासारखाच दक्षिणेतून आलेला, याचा त्यांना अभिमान होता.

माझ्या वाट्याला आली ती गोमतीनगरची आणि त्यापलीकडची वाढ. आजोबांचा नियम आम्ही तंतोतंत पाळला. प्लॉट ताब्यात आला की पहिलं काम बोरिंगचं. सबमर्सिबल सोडायचं, बटण दाबायचं, पायाला सुरुवात. शेजारचा बिल्डरही तेच करी, त्याच्या शेजारचाही. बोरिंगवाल्यांचे पाइप मात्र वर्षागणिक लांबत गेले. जुन्या विहिरी आटल्या, मग हातपंप कोरडे पडले.

यातली खरी मेख गोमतीच्या उगमात आहे. ही नदी हिमालयातल्या बर्फातून निघत नाही. पीलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून ती उगवते आणि उन्हाळ्यात मुख्यतः भूजलावरच वाहते. म्हणजे गऊघाटाचं पाणी आणि आमच्या बोरिंगचं पाणी ही एकाच खात्याची दोन पासबुकं. एकातून काढलं की दुसऱ्यातली शिल्लक आपोआप उतरते. गोमती पुरेना म्हणून गोमतीनगरच्या कठौता तलावात शारदा सहायक कालव्याचं पाणी आणावं लागलं. ज्या शारदेसाठी आजोबा घर सोडून आले, तिचंच पाणी, वेगळ्या आणि नंतरच्या कालव्याने, नातवाच्या वसाहतीत पोचलं. आता ती शारदा किती शहरांना पुरणार?

२०१९ साली उत्तर प्रदेशाने भूजलाचा कायदा केला. मोठ्या इमारतींना पाऊसपाणी जिरवण्याची सक्तीही आहे. नकाशात जिरवणीचा खड्डा असतो. गाळाने बुजल्यावर तो उपसायला मात्र कुणी येत नाही. आजोबांचा नियम चुकीचा नव्हता, पण तो विहिरीच्या काळातला होता. मोटेने किंवा राहाटाने माणूस उपसून उपसून किती उपसणार? बटणाला ती मर्यादा नाही. म्हणून ‘आधी पाणी’ याचा अर्थ आता पाणी काढणं नव्हे, आधी जिरवणं असाच धरायला हवा. फ्लॅट बघायला जाल तेव्हा दिशा, लिफ्ट, पार्किंग सगळं खुशाल विचारा. त्याच्या आधी एवढं विचारा : इथलं पाणी कुठून येतं, आणि गच्चीवर पडणारं पाणी कुठे जातं? उत्तर देताना बिल्डर अडखळला, तर बयाणा खिशातच ठेवा.