बिलासाठी दिलेला नंबर

पुण्यात कुठल्याही मोठ्या दुकानात जा, सामान काउंटरवर ठेवले की पहिला प्रश्न येतो, "मोबाइल नंबर?" मागे रांग असते. आपण पाढा म्हणावा तसे दहा आकडे मोठ्याने म्हणतो आणि रांगेतले सगळे ऐकतात. तरुण मुलींना हे किती अवघड वाटते, ते माझ्या वर्गातल्या मुलींनीच मला सांगितले.

गिऱ्हाईक ओळखणे हा व्यापाराचा जुनाच भाग आहे. मोमीनपुऱ्यातल्या आमच्या किराणावाल्या चाचांना घरात पाहुणे आलेत की पगार लांबलाय, हे नुसत्या साखरेच्या मापावरून कळायचे. पण त्यांच्या घरची खबर आम्हालाही असायची. ओळख दोन्ही बाजूंनी होती, म्हणून उधारीची वही चालायची.

मोठ्या दुकानांनी गिऱ्हाइकांचे गट पाडले. बिग बझारचे किशोर बियाणी यांनी २००७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात तीन गट सांगितले: खर्च करू शकणारे, त्यांच्याकडे कामे करणारे आणि जेमतेम जगणारे. चकचकीत, मोकळ्या दुकानात साधा माणूस बिचकतो, म्हणून बिग बझारमध्ये मुद्दाम बाजारासारखी दाटी ठेवली. यात मला वावगे वाटत नाही. तिथे गट पाहिला जात होता, एकेक माणूस नव्हे.

मोबाइल नंबरामुळे मात्र नेमका माणूस सापडतो. त्याचे प्रत्येक बिल एकमेकांशी जोडता येते. अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानाची हकिकत २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. बिनवासाचे लोशन, कॅल्शियम आणि झिंकच्या गोळ्या अशा खरेदीवरून कोणती बाई गरोदर असावी, याचा अंदाज तिथे बांधला जाई. बायकांना नजर खटकू नये म्हणून बाळाच्या वस्तूंच्या जाहिरातींत गवत कापायच्या यंत्राची जाहिरात मिसळत.

माझ्या फोनवर ईदच्या आधी खजूर आणि शरारा यांच्या सवलती येतात. शेजारच्या काकूंना येणारे दिवाळीचे मेसेज मला येत नाहीत. आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीतही खरेदी होते, पण नावाने माझा कप्पा आधीच ठरवलेला असतो. नाव ऐकून भाड्याची खोली "आत्ताच गेली" असे सांगणारे आपल्याला नवे नाहीत. दुकान निदान विकायला तरी बघते. पण एकदा बनलेली यादी उद्या कुणाच्या हाती जाईल आणि कशाला वापरली जाईल, ही माझी खरी काळजी आहे.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत वाईट शंका, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना एकत्रच मनाई आहे. मला ही सांगड फार नेमकी वाटते. बिलासाठी दिलेला नंबर ही अमानत आहे. तो न विचारता दुसऱ्या कामाला लावणे म्हणजे खयानत.

देशाचा कायदाही आता हेच म्हणतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावले की, नंबर दिल्याशिवाय बिल मिळणार नाही असा आग्रह धरू नका. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरलेल्या कामापुरतीच धरली आहे.

काउंटरवरचा मुलगा पगारी नोकर असतो, त्याच्याशी वाद नको. "बेटा, नंबर द्यायचा नाही, बिल दे," एवढेच म्हणावे. माझ्या वर्गातल्या मुलींनाही मी हेच वाक्य शिकवते, उर्दूत आणि मराठीत.